कमिशन घ्या, पण सांगून घ्या

कोल्हापूरच्या राजारामपुरीत माझा शिवणकामाचा क्लास आहे. क्लासच्या भिंतीवर, मापांच्या तक्त्याशेजारी, मी आणखी एक तक्ता लावला आहे. त्यात कात्री, सुया, बॉबिन केस, इस्त्री, पायडलची मशीन, मोटर, इंटरलॉक अशी वस्तूंची नावं आहेत. पुढच्या रकान्यात ती वस्तू लक्ष्मीपुरीत साधारण कितीला मिळते ते लिहिलंय. आणि शेवटच्या रकान्यात, तीच वस्तू माझ्या चॅनेलवरच्या लिंकवरून घेतली तर मला किती रुपये मिळतात ते. नव्याने आलेल्या मुली हा शेवटचा रकाना वाचून बावरतात. आपली कमाई अशी भिंतीवर मांडतात का, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं. माझं मत ठाम आहे: मांडायलाच हवी. इंटरनेटवर लिंक देऊन कमिशन मिळवणारे आता कोल्हापुरात गल्लोगल्ली आहेत, त्यांतल्या प्रत्येकाने मांडायला हवी.

ज्यांना हा व्यवहार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपनीकडे नाव नोंदवलं की ती आपल्याला एक खूण देते. कुठल्याही वस्तूची लिंक घेतली की तिच्या शेपटाला ती खूण जोडलेली असते. माझ्या व्हिडिओखालची लिंक दाबून कुणी आत गेलं, की हे गिऱ्हाईक कुणी पाठवलं ते कंपनीला कळतं. ॲमेझॉनच्या पद्धतीत ही ओळख २४ तास टिकते. तेवढ्या वेळात त्या माणसाने मी दाखवलेली कात्री घेतली काय किंवा भलतंच काही घेतलं काय, मला त्या त्या वस्तूचे ठरलेले टक्के मिळतात. वस्तू परत गेली की कमिशनही गेलं. पैसे हाती यायला महिना संपल्यावर आणखी दोनेक महिने जातात. गिऱ्हाइकाला किंमत तीच पडते, लिंकवरून गेलं तरी आणि थेट गेलं तरी. स्वतःच्या किंवा नात्यागोत्यातल्यांच्या खरेदीवर कमिशन घ्यायला नियमाने मनाई आहे. म्हणून माझ्या जावेला इस्त्री घ्यायची होती तेव्हा तिला मी लिंक न देता नुसतं मॉडेलचं नाव सांगितलं.

ही कल्पना फार नवी आहे असंही नाही. अमेरिकेत १९८९ साली प्रॉडिजी नावाच्या संगणक-सेवेवर विल्यम टोबिन यांनी फुलं विकायला सुरुवात केली आणि विक्रीमागे त्या सेवेला कमिशन द्यायची रीत पाडली. जुलै १९९६ मध्ये ॲमेझॉनने पुस्तकांसाठी आपली योजना काढली आणि तिथून हा प्रकार जगभर पसरला. ॲमेझॉन भारतात आलं ते २०१३ मध्ये. पण विक्री घडवून देणाऱ्याला टक्का द्यायचा, हे कोल्हापूरला कुणी अमेरिकेतून येऊन शिकवायची गरज नव्हती. आमचं अर्धं शहर त्यावर उभं राहिलंय.

माझे वडील, आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो, गुळाच्या एका अडत पेढीवर दिवाणजी होते. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी वसवली ती व्यापारासाठी, आणि तिथली गुळाची पेठ देशभर नाव कमावून बसली. पुढे व्यवहार मार्केट यार्डात गेला, २०१४ मध्ये कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकनही मिळालं. आजही दिवाळीच्या पाडव्याला मुहूर्ताचे गूळ सौदे निघतात तेव्हा पेपरात फोटो येतो. गुऱ्हाळावरून गाडी आली की रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा, उतरायचे, सौदा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत व्हायचा, आणि संध्याकाळी शेतकऱ्याच्या हातात पट्टी पडायची. पट्टी म्हणजे एक कागद. किती रवे, वजन किती, कुठल्या भावाने गेले, हमाली किती, तोलाई किती, अडत किती, उचल घेतली असेल तर ती किती वळती केली, आणि हातात किती. आण्णांचं अक्षर देखणं होतं आणि त्यांचा एक नियम होता: जे पट्टीवर लिहिता येत नाही ते कापायचं नाही.

अडतीच्या धंद्यात सगळं सरळ होतं असं म्हणण्याइतकी मी भोळी नाही. उचल घेतलेला शेतकरी त्याच पेढीला बांधला जायचा, भाव पडला तरी त्याला दुसऱ्या दारात जाता यायचं नाही. कर्नाटकातून आलेला गूळ कोल्हापुरी म्हणून खपवल्याच्या तक्रारी तर अजून थांबलेल्या नाहीत. पण एक गोष्ट पक्की होती. अडत्याचा टक्का किती, हे बाजार समितीच्या नियमात बसवलेलं असायचं, शेतकऱ्याला ठाऊक असायचं, आणि पेढीवर आलेल्या सगळ्या गुळाला तो एकच असायचा. पन्हाळ्याकडचा रवा असो की कागलकडचा, पेढीला मिळणारा टक्का तोच. त्यामुळे एकाच्या गुळाची खोटी स्तुती करून पेढीला वेगळं काही मिळत नव्हतं.

लिंकच्या धंद्यात इथेच गोम आहे. इथे टक्का वस्तूगणिक बदलतो. एका प्रकारच्या वस्तूवर कंपनी एखादाच टक्का देते, दुसरीवर आठ-नऊ. शिवाय किंमत. माझ्या मुलींना सगळ्यात जास्त कशाची गरज असते? सुयांची. साध्या घरगुती मशीनला सोळा नंबरची सुई लागते, अस्तराच्या ब्लाउजला चौदा किंवा सोळा, जीन्सला अठरा. पाकिटाची किंमत पन्नास-साठ रुपये. त्यावर मला मिळणार दोन-चार रुपये. आता मी जर कमिशनसाठीच बोलायला बसले, तर सुयांवर व्हिडिओ करायचं मला कारणच उरत नाही. मी इंटरलॉकवर बोलेन, भरतकामाच्या कॉम्प्युटर मशीनवर बोलेन, जी दहातल्या नऊ जणींना लागत नाही. खोटं एक अक्षरही न बोलता मी बायकांना नको त्या खर्चात पाडू शकते, फक्त कशावर बोलायचं आणि कशावर गप्प राहायचं एवढं ठरवून. कमिशनने जीभ विकत घेतली जात नाही, नजर फिरते, आणि ते बघणाऱ्याला दिसत नाही. म्हणून त्याला आकडा कळायला हवा.

मिनी शिलाई मशीनचंच घ्या. तळहाताएवढी, गुलाबी किंवा जांभळी, बाराशे-पंधराशे रुपयांची, बॅटरीवर किंवा ॲडॅप्टरवर चालणारी. रीलमध्ये एक बाई पातळ कापडाच्या दोन पदरांवर सरळ टीप मारते आणि म्हणते, घरबसल्या ब्लाउज शिवा, लिंक खाली आहे. ब्लाउजच्या खांद्याला आणि काखेच्या जोडाला अस्तर धरून सहा-सहा पदर एकत्र येतात. ही मशीन तिथे अडते, धागा गुंतवते, सुई वाकवते. मुलांच्या बाहुलीचे कपडे शिवायला, फार तर उशीच्या अभ्र्याला ती चालेल. माझ्याकडे पाचगाव, मोरेवाडी, उचगावच्या बायका पिशवीत ती मशीन घेऊन येतात आणि विचारतात, "बाई, हिचं काय बिघडलंय बघा की." काही बिघडलेलं नसतं. ती त्या कामासाठी नसतेच. बचत गटाच्या पैशातून घेतलेली असते, परत करायची मुदत संपलेली असते. रीलवाल्या बाईच्या खात्यात कमिशन जमा झालेलं असतं. तिने स्वतः त्या मशीनवर एक तरी ब्लाउज शिवलाय का, हे विचारायची सोय कुणालाच नसते. ही मशीन माझ्या तक्त्यात नाही आणि माझ्या चॅनेलवर तिची लिंक नाही. ती का नाही, यावर मात्र मी सविस्तर व्हिडिओ केला आहे.

कळंब्याच्या एक आजी सुनेसाठी मशीन बघायला आल्या होत्या. मी पायडलची मशीन आणि मोटर दोन्ही दाखवलं, पट्टा कसा चढवायचा ते सांगितलं, लिंक सुनेच्या मोबाइलवर उघडून दिली. सगळं ऐकून आजींनी एकच विचारलं, "आणि ह्यात तुम्हास्नी काय मिळतंय, बाई?" मी तक्त्यावर बोट ठेवलं. मशीन नऊ हजारांची, मला साडेतीनशेच्या आसपास. त्या म्हणाल्या, "मग बरोबर हाय. तुमी येळ घालवलासा." आणि सुनेला म्हणाल्या, "घे हितनंच." मला त्या प्रश्नाने अवघडल्यासारखं झालं नाही, उलट वाटलं की मोबाइलवर लिंक बघणाऱ्या प्रत्येक माणसाने हाच प्रश्न विचारावा. लोकांना कमिशनचा राग नसतो. कुणीतरी श्रम घेतले, चार मशीन चालवून बघितल्या, त्यातली कुठली घ्यावी ते सांगितलं, तर त्याला दोन पैसे मिळावेत हे खेड्यातल्या अशिक्षित बाईलाही मान्य असतं. फसवलं गेल्याची भावना येते ती नंतर कळल्यावर.

कायदाही हेच सांगतो, पण तो लोकांपर्यंत पोचलेला नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा. त्याखालच्या केंद्रीय प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. मग २० जानेवारी २०२३ रोजी केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने समाजमाध्यमांवर वस्तूंची शिफारस करणाऱ्यांसाठी वेगळ्या सूचना दिल्या: कंपनीशी पैशाचा किंवा भेटवस्तूचा संबंध असेल तर तो स्पष्ट सांगा, साध्या भाषेत सांगा, हॅशटॅगच्या आणि लिंकच्या गर्दीत लपवू नका, व्हिडिओ असेल तर तो दिसलाही पाहिजे आणि ऐकूही आला पाहिजे. फसव्या जाहिरातीसाठी पहिल्यांदा दहा लाखांपर्यंत दंड, पुन्हा केलं तर पन्नास लाखांपर्यंत, आणि शिफारस करणाऱ्यावर वर्षभराची, पुढे तीन वर्षांपर्यंतची बंदी.

प्रत्यक्षात काय दिसतं? व्हिडिओ अस्सल कोल्हापुरी बोलीत असतो. "भावांनो" म्हणून सुरुवात होते. आणि कमिशनचा उल्लेख असलाच तर खाली, घडी उघडल्यावर, दहा-बारा ओळींनंतर, इंग्रजीत. कंपनीने सांगितलेलं ते वाक्य जसंच्या तसं चिकटवलेलं असतं. त्याने कंपनीची अट पुरी होते. पण गारगोटीच्या किंवा मुरगूडच्या माणसाला त्यातून काही कळलं का? २०२२ च्या तत्त्वांत जाहिरातीतला खुलासा दाव्याच्याच भाषेत असावा अशी अट आहे. मग मराठीत भुरळ घालायची आणि इंग्रजीत खुलासा करायचा हे चालणार नाही. माझी मागणी त्याहून पुढची आहे. "मला कमिशन मिळतं" एवढं पुरेसं नाही, किती मिळतं ते सांगा. व्हिडिओच्या सुरुवातीला, तोंडाने, मराठीत: ही मशीन नऊ हजारांची, तुम्ही इथून घेतलीत तर मला साडेतीनशे मिळतील, आता ऐका मी काय सांगते ते. एवढं म्हणायला दहा सेकंद लागतात.

माझे काही विद्यार्थी, हो, आता मुलगेही येतात, म्हणतात की असं सांगितलं तर लोक लिंक दाबणार नाहीत. माझा अनुभव तसा नाही. पण समजा दाबणारे कमी झाले, तर जे गेले ते आकडा कळल्यामुळे गेले. त्यांना अंधारात ठेवून मिळवलेले पैसे माझे कसे?

आणि विश्वास किती खोल असतो ते मला महिन्याच्या हिशेबात दिसतं. कंपनी गिऱ्हाइकाचं नाव सांगत नाही, फक्त वस्तू दाखवते. कात्रीची लिंक दाबून आत गेलेल्या कुणीतरी रक्तदाब मोजायचं यंत्र घेतलेलं असतं. कुणी लहान बाळाचे लंगोट, कुणी गुडघ्याचा पट्टा, कुणी स्पर्धा परीक्षेची पुस्तकं. त्या घरात कोण आजारी आहे, कोण जन्मलं, कोण अभ्यासाला बसलंय, याची सावली माझ्या हिशेबात पडते आणि त्यातले काही रुपये मला मिळतात, ज्यासाठी मी काहीही केलेलं नसतं. नियमात बसतं ते, मी घेतेही. पण त्या लोकांना हे ठाऊक असायला हवं असं मला वाटतं, म्हणून चॅनेलवर तेही सांगते.

आता ज्याच्यामुळे हा सगळा धंदा बदनाम झालाय त्याकडे येऊ. "अफिलिएट मार्केटिंग करा, महिना लाख कमवा" म्हणून जे अभ्यासक्रम विकले जातात, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी विकायला वस्तूच नसते. पाच-दहा हजार भरून तुम्ही कोर्स घेता, आणि कोर्समध्ये शिकवतात की हाच कोर्स पुढच्याला विका, त्यातला निम्मा वाटा तुमचा. माझ्या क्लासमधल्या एका मुलीने कानातले गहाण ठेवून असे पैसे भरले होते. तिला सांगितलं गेलं होतं, आधी मैत्रिणींची यादी कर. यात कमिशन माल खपवल्याबद्दल मिळत नाही, माणूस आणल्याबद्दल मिळतं. ज्या साखळीत पुढचा माणूस आल्याशिवाय मागच्याला पैसे मिळत नाहीत, तिला देशात १९७८ च्या कायद्याने बंदी आहे, आणि २०२१ च्या अखेरीस आलेल्या थेट विक्रीच्या नियमांनीही अशा पिरॅमिड योजना मना केल्या. कोल्हापूरला हे पुन्हा समजावून सांगायला लागू नये. २०२२ च्या अखेरीस ए. एस. ट्रेडर्स प्रकरणात गुन्हा नोंदला गेला, हजारो लोकांचे पैसे अडकले. तो व्यवहार वेगळा होता, गुंतवणुकीचा होता, पण माणूस आणणाऱ्या एजंटांची साखळी तिथेही होती आणि ती नात्यातून, गल्लीतून, तालमीतून पसरली. अजून कितीतरी घरांत त्यावरून भाऊबंदकी चालू आहे. त्यानंतरही कुणी आपल्याकडे "आधी नातेवाइकांची यादी कर" म्हणत आलं, तर त्याला दारातूनच परत पाठवावं.

पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांच्या लिंकही अशाच. क्रिकेटच्या व्हिडिओखाली त्या सर्रास असायच्या. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून असे खेळ आणि त्यांच्या जाहिराती दोन्ही बंद केल्या. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, पन्नास लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. हे आधीच व्हायला हवं होतं.

ज्यांना हा धंदा पोटापाण्याचा करायचाय त्यांनी एक गोष्ट मनात पक्की धरावी: इथे दर ठरवण्यात तुमचा काहीही हात नसतो. एप्रिल २०२० मध्ये, करोनाने सगळं बंद असताना, ॲमेझॉनने अमेरिकेतले दर कापले. फर्निचर आणि घरसामानावरचा ८ टक्क्यांचा दर ३ वर आला, किराण्याचा ५ वरून १ वर. वर्षानुवर्षं लिहून, व्हिडिओ करून ज्यांनी बस्तान बसवलं होतं त्यांचं उत्पन्न एका ईमेलने निम्म्यावर आलं. बाजार समितीत अडतीच्या दरावरून अडत्यांनी, हमालांनी, शेतकऱ्यांनी आंदोलनं केली, बाजार बंद ठेवले, सभापतींना घेराव घातले. इथे घेराव कुणाला घालणार? डिसेंबर २०२४ मध्ये तर वेगळाच आरोप पुढे आला. पेपालच्या मालकीचं हनी नावाचं सवलतीची कूपन शोधून देणारं साधन, खरेदीच्या शेवटच्या क्षणी दुसऱ्याची खूण काढून स्वतःची लावतं, असा. अमेरिकेत त्यावरून खटले झाले. शेवटची लिंक ज्याची त्याला कमिशन, या नियमातच ही फट आहे. शिकवणारा एक, पैसे घेणारा दुसरा. म्हणून मुलींना मी सांगते, शिवणकाम हा धंदा, लिंक ही वरकड. क्लास आणि शिलाई बंद करून फक्त लिंकवर बसू नका. आणि जे मिळेल ते विवरणपत्रात दाखवा. कमिशनवरचा टीडीएस ऑक्टोबर २०२४ पासून ५ वरून २ टक्क्यांवर आलाय, पण कापला गेलेला परत मिळवायचा तर विवरणपत्र भरावंच लागतं.

तक्त्यात लक्ष्मीपुरीचा भाव का, असं मला एकाने विचारलं. त्याचं उत्तर मिस्त्रीकडे आहे. लक्ष्मीपुरीत मशीनचं दुकान चालवणारे एक मिस्त्री आहेत, त्यांना मी लहानपणापासून ओळखते. मशीन टाके सोडायला लागली, शटल घासलं, टेन्शनची स्प्रिंग गेली, की कुठलीही कंपनी असो, ते मशीन उलटी करून तासाभरात लावून देतात. ऑनलाइन घेतलेल्या मशीनचा दुरुस्तीवाला यायला आठ-दहा दिवस जातात आणि लग्नसराईत आठ दिवस म्हणजे पंधरा ब्लाउज. त्यांच्याकडे मशीन पाच-सातशे रुपयांनी महाग पडते. जिला स्वतःला मशीन उघडून तेल घालता येतं, पट्टा बदलता येतो, तिने ऑनलाइन घ्यावी, पैसे वाचतील. जी पहिल्यांदा मशीनला हात लावतेय तिने मिस्त्रींकडून घ्यावी. हे मी व्हिडिओत सांगते, माझं कमिशन बुडतं तरी सांगते, कारण सहा महिन्यांनी ती बाई मशीन माळ्यावर टाकून देणार असेल तर मी तिला काय शिकवलं? मिस्त्री मला काही देत नाहीत. त्यांच्या नावापुढे शेवटच्या रकान्यात शून्य आहे.

आणि शेवटी, हा सगळा पैसा कोल्हापुरातून बाहेरच का वाहावा? आम्ही लिंक लावतो त्या वस्तू बनतात कुठे कुठे, आणि आमच्या इथे जे बनतं त्याची लिंक लावायला कुणी नाही. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये मानांकन मिळालं, महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकचे चार जिल्हे मिळून. जून २०२५ मध्ये प्रादाने मिलानच्या फॅशन शोमध्ये आपल्याच चपलेसारखी चप्पल दाखवली, कोल्हापूरचं नावही न घेता, तेव्हा आपण सगळे चिडलो. डिसेंबरात त्यांनी महाराष्ट्राच्या लिडकॉम आणि कर्नाटकच्या लिडकर या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला, दोन हजार जोड, सुमारे ८०० युरोला एक. चांगली गोष्ट आहे. पण सुभाषनगरच्या कारागिराची कापशी किंवा पायताण पुण्या-नागपूरच्या गिऱ्हाइकाला थेट मिळावी, यासाठी प्रादाची वाट बघायची गरज नाही. मराठीत बोलणारे, ऐकले जाणारे शेकडो तरुण इथे आहेत. त्यांनी आपल्या मालाच्या लिंक लावाव्यात आणि कारागिराने त्यांना उघड कमिशन द्यावं.

सुभाषनगरच्या एका चप्पलवाल्या काकांशी माझं यावर गेले काही आठवडे बोलणं चाललंय. त्यांचा जोड चौदाशेचा. ते पंधरा टक्के द्यायला तयार आहेत, म्हणजे २१० रुपये. दुकानदाराला यापेक्षा जास्त सोडावे लागतात म्हणतात. मी त्यांची वही बघितली. एका जोडाची वेणी घालणाऱ्या बाईला त्या २१० रुपयांच्या निम्मेही मिळत नाहीत. लिंक लावणाऱ्याला वेणी घालणारीपेक्षा जास्त, हे मला पटत नाही. मी सहा टक्के म्हणते, ८४ रुपये. "सहावर कोण लिंक लावंल, ताई?" असं त्यांचं म्हणणं, आणि ते अगदीच चूक नाही. सध्या सहावर मी लावणार आहे, पाडव्यापर्यंत बघू असं ठरलंय. डब्यात एक चिठ्ठी घालायची, त्यावर चामडं किती, शिलाई किती, वेणी किती, लिंक देणारीला किती, सगळं छापायचं, असा माझा आग्रह आहे. कमिशनचा आकडा छापायला काका लगेच हो म्हणाले. मजुरीचा आकडा छापायला ते अजून तयार नाहीत.